बाहेरच्या रंगाचे डबे आणि कोल्हापूरचा पाऊस: कोणता घ्यावा, कुठल्या भिंतीला मारावा

लक्ष्मीपुरीत रंगाच्या कुठल्याही दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती वर्षांचा पाहिजे?" तीनचा, पाचचा, सातचा, दहाचा. जणू भिंतीला मुदत ठेवच करायची आहे. ही वर्षं खोटी नाहीत, पण ती कशाची आहेत हे वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात असतं: रंगाचे पापुद्रे सुटले किंवा शेवाळ धरलं तर, तेही खालचा प्रायमर त्याच कंपनीचा आणि सांगितलेल्या पद्धतीनं मारलेला असेल तर. आतून आलेली ओल, गिलाव्याची भेग, गच्चीची गळती बहुतेक वेळा त्यात धरत नाहीत. आणि कोल्हापुरात बाहेरचा रंग बिघडतो तो बहुतेक ठिकाणी याच तीन कारणांनी. म्हणून डबे पारखताना वर्षं बाजूला ठेवलेली बरी.

बाहेरच्या इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात मिसळून मारायच्या रंगाच्या, साधारण तीन पायऱ्या आहेत. एशियन पेंट्सच्या भाषेत एस, अपेक्स आणि अपेक्स अल्टिमा. बर्जरचं वेदरकोट, नेरोलॅकचं एक्सेल, ड्युलक्सचं वेदरशील्ड या घराण्यांतही अशाच चढत्या श्रेणी आहेत. नावं वेगळी असली तरी आतला फरक तोच. खालच्या पायरीत राळ (रंग धरून ठेवणारा चिकट घटक) कमी, खडूसारखी भरणी जास्त. दोन-तीन उन्हाळ्यांत हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड लागते. वरच्या पायरीत अॅक्रिलिक राळ आणि टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचं प्रमाण जास्त, शेवाळ रोखणारं औषध जास्त, काहींत पाणी झटकणारं सिलिकॉन. मधल्या पायरीला आमच्या लेखी सगळ्यात जास्त गुण, कारण पैशाच्या मानानं ती प्रामाणिक आहे. खालची पायरी भाड्याच्या खोल्यांना किंवा दोन वर्षांत पाडायच्या बांधकामाला ठीक. वरची सगळ्या घराला मारायची गरज क्वचितच पडते.

कारण घराच्या चारही भिंती सारखा पाऊस खात नाहीत. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून तिरपा येतो. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो; गगनबावड्याकडं जाल तसा वाढत वाढत पाचपटीच्या घरात जातो. त्यामुळं कळंबा, फुलेवाडी, रंकाळ्याच्या बाजूला समोर मोकळं रान असलेली पश्चिमेची भिंत जून ते सप्टेंबर जवळपास सतत भिजलेली असते, आणि त्याच घराची पूर्वेची भिंत दोन तास ऊन पडलं की कोरडी होते. पैसा पश्चिमेला आणि दक्षिणेला घाला. उत्तरेची भिंत पाऊस कमी घेते, पण तिथं ऊन नाही म्हणून शेवाळ पहिल्यांदा तिथं धरतं. तिला जाड थर नको, शेवाळाविरुद्धची धुलाई नीट हवी.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. दोन वेगळ्या श्रेणींत एकच शेड नंबर मिसळून घेतला तरी रंग तंतोतंत जुळत नाही. बेस (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग) वेगळा, चमक वेगळी. त्यामुळं श्रेणी बदलायची असेल तर ती कोपऱ्यावर किंवा खाचेवर बदला, सपाट भिंतीच्या मध्ये कधीच नाही.

आता वॉटरप्रूफ म्हणून विकल्या जाणाऱ्या जाड, रबरासारख्या ताणणाऱ्या कोटिंगबद्दल. डॉ. फिक्सिटचं रेनकोट हे यातलं ओळखीचं नाव. रंगाच्या कंपन्यांचीही अशी उत्पादनं आहेत. हे साध्या रंगापेक्षा खरंच वेगळं आहे का? आहे, आणि ते हिशोबानं दिसतं. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर सारखा पसरला तर ओला थर एक मिलिमीटरचा होतो. साधं इमल्शन दोन हातांत लिटरला 50 चौरस फूट, म्हणजे साधारण 4.6 चौरस मीटर चालतं; ओला थर 215 मायक्रॉनच्या आसपास (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), त्यातलं पाणी उडून गेलं की उरतात 80 मायक्रॉनच्या आगेमागे. जाड कोटिंग लिटरला 30 चौरस फूट धरलं तर सुकल्यावर 170-180 मायक्रॉनचा थर मिळतो. दुप्पट जाडी आणि वर ताण सहन करण्याची ताकद, म्हणून गिलाव्याच्या केसासारख्या भेगा ते झाकून धरतं.

पण हाच हिशोब उलटाही लागतो. पेंटरनं तेच कोटिंग पाणी घालून 55-60 चौरस फूट चालवलं, तर तुम्ही महागडा साधा रंग विकत घेतला, बाकी काही नाही. जाड कोटिंगची तक्रार ऐकू आली की आम्ही आधी रिकाम्या बादल्या मोजायला सांगतो, मग भिंत बघतो.

दुसरी गोष्ट, हे कोटिंग बाहेरून येणारं पाणी अडवतं. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायलाही ते अडथळाच करतं. गच्चीच्या कठड्यातून किंवा बाथरूमच्या फुटक्या पाइपातून भिंतीत पाणी उतरत असेल, तर या थराखाली पाण्याचे फुगे येतात. हातभर लांब फुगा, टाचणी लावली की त्यातून पाणी ठिबकतं. दोष डब्याला देतात. खरं तर डबा आपलं काम चोख करत असतो.

म्हणून रंगाच्या आधी पाणी कुठून येतं ते शोधा, आणि शोध वरून खाली घ्या. पहिला संशयित कठड्याचा माथा. तो सपाट असेल आणि त्यावर केसभर चिरा असतील तर पाणी थेट भिंतीच्या पोटात जातं. माथ्याला गच्चीच्या बाजूला उतार द्या, वर कोटिंगचे तीन हात, शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी इंचभर बाहेर आलेली कडाप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी. कठडा आणि गच्चीचा कोबा यांच्या कोपऱ्यातली वाटा (सिमेंटची गोलसर भरणी) तुटली असेल तर ती आधी. मग छज्जे: छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर पागोळी उलटी फिरून भिंतीवर येते आणि खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली काळ्या मिशा उमटतात. त्या मिशा रंगानं जात नाहीत. छज्जाच्या तळाला पीव्हीसीची किंवा अॅल्युमिनियमची छोटी पट्टी चिकटवली तरी जातात. पन्हळीचे पाइप भिंतीला टेकलेले असतात तिथं मागं हात घालून बघा. क्लॅम्पचे स्क्रू गंजून भोक मोठं झालेलं सापडतं.

भिंत कोरडी आहे का हे हातानं कळत नाही. प्लॅस्टिकचा दीड फूट चौकोनी कागद चारी बाजूंनी टेपनं बंद करून रात्रभर चिकटवून ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा. जुना रंग धरून आहे का हे बघायला कटरनं फुलीच्या रेघा मारा, वर रुंद टेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर पापुद्रा आला तर तेवढा भाग गिलाव्यापर्यंत खरवडल्याशिवाय पुढं जायचं नाही. नवा रंग कितीही चांगला असो, तो खालच्या सैल रंगाला चिकटतो आणि त्याच्यासकट खाली येतो.

शेवाळ नुसतं ब्रशनं घासून काढलं की मुळं राहतात आणि पुढच्या ऑगस्टला नव्या रंगावर हिरवी झाक येते. बाजारात मिळणाऱ्या हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) एक भाग, तीन भाग पाणी, भिंतीवर फवारून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग प्रेशरनं धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि फरशी धुवायचं अॅसिड त्यात कधीही मिसळू नका. विषारी वायू होतो. प्रेशर मशीनचा फवारा पंख्यासारखा ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब. टोकदार धार गिलावा उकरते. धुतल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन लागू द्या.

भेगांचं काम सगळ्यात कंटाळवाणं, म्हणूनच सगळ्यात जास्त चुकवलं जातं. एक मिलिमीटरच्या आतली भेग जाड कोटिंग झाकतं. त्याहून मोठी भेग ग्राइंडरनं इंग्रजी व्हीसारखी उघडायची, धूळ ब्रशनं काढायची, ओलसर करून अॅक्रिलिक क्रॅक फिलर दोन थरांत भरायचा, पहिला थर बसल्यावर दुसरा. फिलर सुकताना थोडा आत बसतो, एकाच थरात भरला की वर खोलगट रेघ राहते. बीम-कॉलम आणि वीटकाम यांच्या सांध्याची सरळ भेग मात्र नुसत्या फिलरनं टिकत नाही. सिमेंट काँक्रीट आणि वीट उन्हात वेगवेगळी फुगतात. तिथं सहा ते आठ इंच रुंद फायबरची जाळी कोटिंगच्या दोन हातांच्या मध्ये बसवायची. गिलावा बोटानं ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर तेवढा फोडून पुन्हा करा. त्या दुरुस्तीच्या मालाचं डब्यांवर छापलेलं नेहमीचं प्रमाण म्हणजे 1 किलो लेटेक्स लिक्विडला 5 किलो सिमेंट आणि 15 किलो वाळू. कॉलमवर उभी भेग असेल आणि तिच्यातून तांबडं पाणी उतरलेलं दिसत असेल, तर आतली सळई गंजून फुगली आहे. ते पेंटरचं काम नाही, इंजिनिअरला दाखवा.

लांबीबद्दल, म्हणजे भिंत गुळगुळीत करायच्या पुट्टीबद्दल, एक कडक मत. बाहेरच्या भिंतीला, त्यातही पश्चिमेला, गुळगुळीत दिसावी म्हणून सगळीकडं लांबी ओढू नका. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी बाहेर चालते, पण पातळ, दीड मिलिमीटरच्या आत, आणि कोरड्या, घट्ट गिलाव्यावर. आतल्या भिंतीसाठीची अॅक्रिलिक लांबी चुकून बाहेर लागली तर पहिल्याच पावसात ती साबणासारखी मऊ होते आणि रंग पत्र्यासारखा सुटतो. आपल्याकडचा वाळूचा खरबरीत गिलावा बाहेर चांगलाच दिसतो. फक्त त्यावर रंग जास्त लागतो, हे आधी धरा.

किती जास्त? तीस बाय चाळीस फुटांचा दोन मजली बंगला घ्या. घेर 140 फूट, उंची 21 फूट, म्हणजे 2,940 चौरस फूट. खिडक्या-दारं वजा आणि छज्जे-कठडा अधिक, हे साधारण एकमेकांत जातं, 3,000 धरा. गुळगुळीत गिलाव्यावर लिटरला 50 नं दोन हातांना 60 लिटर, म्हणजे 20 च्या तीन बादल्या. वाळूच्या गिलाव्यावर लिटरला 40 नं 75 लिटर. प्रायमर एका हाताला लिटरला 80 नं साधारण 38 लिटर. पश्चिमेच्या चाळीस फुटी भिंतीला जाड कोटिंग द्यायचं तर 840 चौरस फुटांना 28 लिटर: एक बादली आणि चारचे दोन डबे. हे आकडे पेंटरनं दिलेल्या यादीशेजारी ठेवा. त्याच्या यादीत 3,000 फुटांना 40 लिटर रंग असेल, तर उरलेलं पाणी आहे. आणि 110 लिटर असेल, तर दुसऱ्या कुणाचं घर रंगतंय.

पाण्याचं प्रमाण प्रत्येक डब्यावर छापलेलं असतं. मापाच्या भांड्यानं घाला, "डोळ्याला बरं दिसेपर्यंत" नाही. पहिला हात जरा पातळ, दुसरा डब्यावरच्या प्रमाणात. दोन हातांमध्ये किमान चार-सहा तास, थंडीत रात्रभर. एका भिंतीला लागणाऱ्या सगळ्या बादल्या एकाच बॅचच्या घ्या. मशीनवर मिसळलेला रंग असेल तर दोन बादल्या मोठ्या पिंपात एकत्र ढवळून मग वापरा, नाहीतर भिंतीच्या मधोमध एक फिकी पट्टी कायमची राहते. दिवसाचं काम कोपऱ्यावर किंवा पाइपामागं थांबवा.

बादल्यांबद्दल अजून एक. बऱ्याच कंपन्या डब्यात पेंटरसाठी कुपन किंवा पॉइंट ठेवतात. त्यात बेकायदा काही नाही, पण पेंटर एखाद्याच ब्रँडवर हट्ट धरून बसला तर कारण रंगशास्त्रातलंच असेल असं नाही. माल स्वतः आणा, कुपन त्याला द्या; दोघंही खूश.

शेड निवडताना कार्डावरचा चमकदार जांभळा, गुलाबी, भडक पिवळा बाहेर टाळा. सेंद्रिय रंगद्रव्यं उन्हात उडतात. गेरू, पिवळी माती, राखाडी, विटकरी अशा लोहाच्या आणि खनिजाच्या छटा टिकतात. गडद रंग पश्चिमेच्या भिंतीला मारला की मेमध्ये भिंत तापते, भेगा ताणल्या जातात. शिवाय ताज्या गडद रंगावर चार-पाच दिवसांत दव किंवा वळीव पडला तर वरून खाली गोगलगाय सरपटल्यासारखे चकचकीत चिकट ओघळ येतात. घाबरू नका, तो रंगातला साबण वर आलेला असतो, दोन-चारदा पाणी मारलं की जातो. त्यावर लगेच तिसरा हात मारून घेणं हा मात्र फुकटचा खर्च.

वेळेबाबत कोल्हापूरकर दरवर्षी एकच घोळ घालतात: गौरी-गणपतीच्या आधी नाहीतर नवरात्रात घर उजळायचं. ऑगस्टमध्ये भिंत भिजून फुगलेली असते, सप्टेंबरातही पश्चिमेची भिंत आतून ओलीच. आतल्या खोल्या हौसेनं काढा, बाहेरच्याला हात लावू नका. दिवाळीच्या आधीही जरा लवकरच होतं, शिवाय त्या वेळी चांगले पेंटर मोकळे नसतात. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. सकाळी दव उडाल्यावर, नऊ-साडेनऊला सुरुवात, संध्याकाळी पाचला ब्रश धुतलेले. मार्चनंतर उन्हामागून काम करा: सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व. तापलेल्या भिंतीवर रोलर ओढला की रंग पसरण्याआधीच सुकतो आणि जोडाच्या रेघा दिसतात. एप्रिल-मेमध्ये वळवाचा नेम नाही, ताडपत्री हाताशी हवी. नवा गिलावा असेल तर तो महिनाभर तरी वाळू द्या. ओल्या सिमेंटचा क्षार रंग जाळतो, भिंतीवर फिकट डाग उठतात.

कंपाउंडच्या भिंतीला इमल्शन घालणं म्हणजे उधळपट्टी. तिला दोन्ही बाजूंनी आणि खालून पाणी लागतं, त्यामुळं पापुद्रा धरणारच. तिथं अजूनही स्नोसेमसारखा सिमेंट रंग बरा. भिंत आधी ओली करायची, भिजवलेला रंग तासाभरात संपवायचा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात, आणि दोन-तीन दिवस हलकं पाणी मारायचं. हे शेवटचं कुणी करत नाही आणि मग "हाताला लागतोय" म्हणून रंगाला नावं ठेवतात. पुढं कधी त्यावर इमल्शन घ्यायचं झालं तर सगळी पूड तारेच्या ब्रशनं काढावी लागते, एवढी एक मेख आहे.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांना यातलं काहीच लागू नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या चुन्याच्या गिलाव्याच्या, मातीत बांधलेल्या भिंती श्वास घेतात. जमिनीतून चढलेली ओल त्यातून उडून जाते. त्यावर रबरी कोटिंग किंवा प्लॅस्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते, वर चढते आणि लोणा (क्षाराची पांढरी पूड) धरून गिलावा पिठासारखा गळतो. त्यांना चुन्याचेच पातळ तीन हात द्यावेत. काळ्या दगडाला तर रंग नकोच. न्यू पॅलेस आणि टाऊन हॉल कुणी इमल्शनमध्ये बुडवलेले नाहीत, आणि ते काही वाईट दिसत नाहीत. दगड धुवा, सांधे चुन्यानं भरा, बास.

पंचगंगेचं पाणी ज्या तळमजल्यांना लागतं, म्हणजे शाहूपुरीचा खालचा भाग, नागाळा पार्क, दुधाळी, सुतारवाडा, तिथं 2019 आणि 2021 नंतर अनेकांनी घाईनं रंग काढला आणि तो वर्षाच्या आत गेला. पुराच्या पाण्यात भिजलेली वीट महिनोन् महिने ओली राहते. गाळ सुकायच्या आत धुवून काढा, पांढरा लोणा आला की पाण्यानं नव्हे, कोरड्या ब्रशनं झाडा आणि येत राहील तितक्या वेळा झाडत राहा. पाणी मारलं की क्षार पुन्हा आत जातो. पूररेषेपर्यंतच्या भिंतीला लांबी नाही, जाड कोटिंग नाही. एक उन्हाळा सरल्यावर प्रायमर आणि मधल्या श्रेणीचे दोन हात. पूररेषेच्या जरा वर आडवी खाच किंवा पट्टी घेऊन खालचा भाग वेगळ्या, मातकट शेडमध्ये ठेवला तर पुढच्या वेळी तेवढाच पुन्हा रंगवता येतो.

पेंटरशी बोली करताना मजुरी चौरस फुटावर ठरवा, खिडक्या वजा करायच्या की नाही ते आधीच कागदावर घ्या, परांचीचा खर्च कुणाचा तेही. तिसऱ्या मजल्याच्या वर झुल्यावरून काम होत असेल तर प्रत्येकाला पूर्ण अंगाला बांधायचा सुरक्षा-पट्टा आणि झुल्याच्या दोरापेक्षा वेगळा दोर. याला नाही म्हणणाऱ्याला काम देऊ नका. पैसे चार टप्प्यांत: धुलाई आणि भेगा झाल्यावर, प्रायमरनंतर, दुसऱ्या हातानंतर, आणि दहा टक्के जुलैची पहिली मोठी झड जाईपर्यंत राखून. चांगला पेंटर या शेवटच्या दहा टक्क्यांवर कुरकुर करतो पण मान्य करतो.

उरलेला रंग मोठ्या बादलीत अर्धा ठेवू नका, साय धरतो. लिटरच्या डब्यात काठोकाठ भरा, झाकणावर शेड नंबर, बेस, बॅच आणि कुठली भिंत ते मार्करनं लिहा, आणि सावलीत ठेवा. जुलैच्या झडीत छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. कुठून ओघळ येतो ते तेव्हाच दिसतं. त्या जागा मोबाइलवर टिपून ठेवा, ब्रश मात्र नोव्हेंबरातच लावा.